संसदीय समित्या रोज काय करतात? इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

इंदूरमध्ये आम्ही काही नोकरदार आणि निवृत्त मंडळी संसदीय समित्यांचे अहवाल वाचतो आणि कुणाला निवेदन लिहायचं असेल तर मदत करतो. राजेंद्र नगर, सुदामा नगर, रामबाग, लोकमान्य नगर इथून माणसं येतात, महूहून माजी सैनिक येतात, रेल्वेमार्गात जमीन जाणारे शेतकरी येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निवेदनाविषयीचा प्रश्न तेवढा नक्की वाचा.

टीव्हीवर दिसते ती संसद आणि समिती यांत फरक काय?

सभागृहात वेळ थोडा आणि विषय डोंगराएवढे. एका खासदाराला बोलायला काही मिनिटं मिळतात आणि ती बहुतेक पक्षाची भूमिका मांडण्यात जातात. कायद्याचं एकेक कलम उलगडणं, खात्याचा खर्च रकान्यानुसार तपासणं, सचिवाला समोर बसवून उलटसुलट विचारणं ही कामं समितीत होतात. दोन्ही सभागृहांतले, सगळ्या पक्षांचे खासदार एका टेबलाभोवती बसतात. तिथे कॅमेरा नसतो. पक्षाचा व्हिपही, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेशही, तिथे चालत नाही. त्यामुळे सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे दोन खासदार समितीत एकाच अधिकाऱ्याला एकाच मुद्द्यावर धरतात, असं सर्रास घडतं.

अशा समित्या किती आहेत?

धोरणांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाच्या म्हणजे खात्यांशी निगडित स्थायी समित्या. 1993 मध्ये 17 समित्यांनी सुरुवात झाली, 2004 मध्ये त्या 24 झाल्या. प्रत्येकीत 31 सदस्य असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. 16 समित्या लोकसभेच्या अखत्यारीत आहेत, 8 राज्यसभेच्या. केंद्र सरकारचं एकही खातं असं नाही की जे यांतल्या कुठल्या ना कुठल्या समितीच्या नजरेखाली येत नाही. मंत्र्याला सदस्य होता येत नाही, कारण ज्याचं काम तपासायचं तोच तपासायला बसला तर तपासणीला अर्थ उरत नाही.

यांखेरीज तीन वित्तीय समित्या आहेत: लोकलेखा, अंदाज आणि सार्वजनिक उपक्रम. शिवाय याचिका समिती आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दांचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती आहे. सरकारने काढलेले नियम मूळ कायद्याच्या चौकटीत बसतात का, हे पाहणारीही एक समिती आहे.

मंत्री ज्या समितीचे अध्यक्ष असतात ती कुठली?

ती सल्लागार समिती. तिथे खासदार आणि मंत्री यांच्यात अनौपचारिक चर्चा होते. ती संसदीय समिती नाही, साक्षी घेत नाही आणि सभागृहाला अहवालही देत नाही. आपल्याकडे बातम्यांत या दोन्हींची नेहमी गल्लत होते.

समितीच्या बैठकीत प्रत्यक्ष काय होतं?

हा प्रश्न लोक कमी विचारतात, पण सगळं यातच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वर्षाच्या सुरुवातीला समिती आपले विषय ठरवते. समजा, रेल्वे समितीने स्थानकांवरच्या सोयी हा विषय घेतला. मग समितीचं सचिवालय रेल्वे मंत्रालयाकडून पार्श्वभूमीची टिपणी मागवतं. ती आली की तिच्यातून प्रश्न काढून मुद्द्यांची यादी केली जाते आणि मंत्रालयाकडे जाते. लेखी उत्तरं येतात. ती बहुतेक वेळा गुळमुळीत असतात, म्हणून त्यांतूनच पुढचे प्रश्न निघतात. हे सगळं बैठकीच्या आधीचं.

बैठक संसद भवनाच्या परिसरातल्या ॲनेक्स इमारतीत होते. गणसंख्या, म्हणजे किमान हजेरी, एक तृतीयांश लागते. आधी सदस्य आपसात बोलून काय विचारायचं ते ठरवतात आणि मग अधिकाऱ्यांना आत बोलावतात. खात्याचे सचिव पुढच्या रांगेत आणि त्यांच्यामागे फायली घेतलेले सहसचिव, संचालक. अध्यक्ष सुरुवातीलाच त्यांना एक नियम वाचून दाखवतात: तुमची साक्ष सार्वजनिक मानली जाईल आणि प्रसिद्ध होऊ शकेल. एखादा भाग गोपनीय ठेवायचा असेल तर तसं सांगा, पण तसं सांगितलं तरी तो खासदारांना उपलब्ध करून दिला जाऊ शकतो. दरवेळी, प्रत्येक साक्षीदारापुढे हे वाचलं जातं. शब्दन् शब्द टिपून घेणारे प्रतिवेदक बसलेले असतात, त्यामुळे सचिवाला 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायला जागा राहत नाही.

मग प्रश्नांची फैर सुरू होते. गेल्या वर्षी एवढी रक्कम मागितली, निम्मीच खर्च झाली, का? निविदा कधी निघाली? कुठल्या टप्प्यावर अडली? उत्तर जवळ नसेल तर अध्यक्ष लेखी पाठवायला सांगतात आणि मुदत घालून देतात. हे लेखी उत्तर फार कामाचं असतं, कारण पुढे ते अहवालात जसंच्या तसं छापलं जातं आणि खातं त्याला बांधलं जातं.

अशा काही बैठका झाल्या की सचिवालय मसुदा तयार करतं. समिती तो परिच्छेदागणिक वाचते, दुरुस्त्या करते आणि स्वीकारते. एखाद्या सदस्याला पटलं नाही तर तो भिन्नमत लिहून जोडू शकतो, निदान विधेयकांच्या बाबतीत ही वाट पुष्कळ वापरली जाते. मग अहवाल दोन्ही सभागृहांत मांडला जातो.

हे सगळं बंद दाराआड का? लोकांना बघू द्यायला काय हरकत आहे?

मलाही पूर्वी हे खटकायचं. अहवाल वाचायला लागल्यावर मत बदललं. कॅमेरा आला की खासदार मतदारसंघाशी बोलायला लागतो, समोरच्या सचिवाशी नाही. आणि बंद खोलीत पक्षाच्या विरुद्ध सूर लावला तर दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होत नाही, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून बैठक बंद असावी, पण अहवाल, साक्षींचा गोषवारा आणि इतिवृत्त लवकर आणि पूर्ण बाहेर यावं. यांतलं दुसरं अजून हवं तितकं होत नाही. अहवाल सभागृहात मांडण्याआधी बैठकीतली माहिती फोडणं हा मात्र विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो.

अर्थसंकल्पाशी समित्यांचा संबंध काय?

1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो आणि त्यानंतर अधिवेशनाला काही आठवड्यांची सुट्टी असते. ही सुट्टी समित्यांसाठीच असते. त्या काळात प्रत्येक समिती आपापल्या खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या तपासते. सभागृहात मोजक्याच खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होते, उरलेल्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकत्र मंजूर होतात. त्याला गिलोटिन म्हणतात. म्हणजे हजारो कोटींच्या कित्येक मागण्यांची जी काय छाननी होते ती समितीतच.

आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण घ्या. इंदूर–मनमाड रेल्वेमार्ग. 2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 309 किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली. अंदाजे खर्च 18,036 कोटी रुपये, नवी स्थानकं 30, काम 2028–29 पर्यंत पुरं करायचं. सणासुदीला नाशिक-मुंबईकडे जाणाऱ्या इथल्या प्रत्येक मराठी घराला या मार्गाची वाट पाहायची सवय झालेली आहे. मंजुरीची बातमी सगळ्यांनी पाहिली. पण मंजुरी म्हणजे पैसा नव्हे. दरवर्षी या कामासाठी किती तरतूद झाली, वर्षाच्या मध्यावर ती सुधारून किती केली आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की काम चालू आहे की रखडलंय ते कळतं. प्रत्येक खात्याच्या बाबतीत समिती पहिल्यांदा हेच तीन रकाने मागते. पाणी कुठे मुरतंय ते तिसऱ्या रकान्यात दिसतं.

विधेयक समितीकडे गेल्याने खरंच काही बदलतं का?

बदलतं, आणि त्याचा एक मोठा दाखला इंदूरशी जोडलेला आहे.

सप्टेंबर 2011 मध्ये भूसंपादनाचं नवं विधेयक लोकसभेत आलं. 1894 चा इंग्रजी अमदानीतला कायदा त्याने जाणार होता. ते ग्रामविकास स्थायी समितीकडे गेलं. समितीच्या अध्यक्ष होत्या आपल्या तेव्हाच्या खासदार सुमित्राताई महाजन, त्या वेळी विरोधी पक्षात. समितीने शेतकरी संघटना, उद्योगांचे प्रतिनिधी, राज्य सरकारं, खाती यांचं ऐकून घेतलं आणि मे 2012 मध्ये अहवाल दिला. तिचा मुद्दा रोखठोक होता: खासगी कंपनीला जमीन हवी असेल तर तिने बाजारात विकत घ्यावी, सरकारने तिच्यासाठी संपादन करू नये. रेल्वे, महामार्ग अशा स्वतंत्र कायद्यांखालचं संपादन या विधेयकाच्या बाहेर का ठेवता, असंही तिने विचारलं.

सरकारने पहिली शिफारस पूर्ण मानली नाही. पण 2013 च्या कायद्यात खासगी कंपनीसाठी 80 टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती घ्यावी लागेल, अशी अट आहे. बाहेर ठेवलेल्या 13 कायद्यांची यादी राहिली, तरी मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्यांनाही लागू करायच्या, हे कायद्यातच लिहिलं गेलं. त्या 13 मध्ये रेल्वे कायदा आहे. म्हणजे मनमाडच्या मार्गासाठी आज महूकडच्या किंवा धार जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याची जमीन गेली, तर त्याच्या मोबदल्याचा हिशेब ज्या तत्त्वावर होतो, ते तत्त्व तेव्हाच्या वादविवादातून आलेलं आहे. आमच्याकडे नोटीस घेऊन येणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. कायदा आभाळातून पडत नाही, कुणीतरी खोलीत बसून त्यातल्या एकेका वाक्यासाठी भांडलेलं असतं.

अलीकडचा दाखला नव्या आयकर विधेयकाचा. फेब्रुवारी 2025 मध्ये ते आलं आणि 31 सदस्यांच्या प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकापुरत्या नेमलेल्या समितीकडे, गेलं. बैजयंत पांडा अध्यक्ष होते. जुलैमध्ये समितीने 285 सूचना दिल्या. विधेयकाच्या मसुद्यात एक अट होती, की विवरणपत्र मुदतीत भरलं नाही तर परतावा मिळणार नाही. आजारपणाने उशीर झालेल्या पेन्शनराचे कापलेले पैसेसुद्धा त्यात गेले असते. समितीने ती अट काढा म्हटलं आणि ऑगस्टमध्ये सरकारने जुनं विधेयक मागे घेऊन दुरुस्त केलेलं आणलं, त्यात ती नव्हती.

मग प्रत्येक विधेयक समितीकडे का जात नाही?

कारण तशी सक्ती नाही. लोकसभेत अध्यक्ष आणि राज्यसभेत सभापती ते ठरवतात, आणि सरकारची इच्छा नसेल तर सहसा जात नाही. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या मोजणीनुसार पंधराव्या लोकसभेच्या काळात 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेच्या काळात 16 टक्के.

हा आकडा वाचून मला खरोखर वाईट वाटतं. सरकार कुठल्या पक्षाचं, हा इथे मुद्दाच नाही. विधेयक समितीकडे गेलं नाही की आपल्यासारख्यांचं लेखी म्हणणं संसदेच्या कागदपत्रांत जायचा मुख्य रस्ताच बंद होतो. सभागृहात दोन दिवसांत मंजूर झालेल्या कायद्यावर सियागंजातल्या किराणा व्यापाऱ्याने किंवा राऊच्या शेतकऱ्याने कधी आणि कुठे बोलायचं?

समितीची शिफारस सरकारला मानावीच लागते का?

नाही. पण उत्तर द्यावं लागतं. तीन महिन्यांत सरकारने प्रत्येक शिफारशीवर काय केलं ते लेखी कळवायचं असतं. त्यावर समिती दुसरा अहवाल काढते, तो कार्यवाही अहवाल. त्याचे ठरलेले पाच भाग असतात. पहिल्यात समितीचं म्हणणं, दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात उत्तर पटल्यामुळे समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात सरकारचं उत्तर समितीला अमान्य असलेल्या आणि पाचव्यात ज्यांचं अंतिम उत्तर अजून आलेलं नाही अशा. मी नेहमी चौथ्यापासून सुरुवात करतो. खात्याने कुठे वाटाण्याच्या अक्षता लावल्या ते तिथे उघडं पडतं. शिवाय संबंधित मंत्र्याला सहा महिन्यांतून एकदा सभागृहात निवेदन करून शिफारशींची स्थिती सांगावी लागते.

बंधनकारक नसलेला अहवालही किती हादरा देऊ शकतो, ते आरोग्यविषयक स्थायी समितीच्या मे 2012 मधल्या 59 व्या अहवालात दिसतं. विषय होता औषधांना परवानगी देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या कारभाराचा. समितीने फायली मागवल्या आणि तज्ज्ञांची शिफारसपत्रं एकापुढे एक ठेवली, तर वेगवेगळ्या शहरांतल्या नामवंत डॉक्टरांची पत्रं शब्दशः सारखी निघाली. स्वतंत्र मत म्हणून फायलीत लावलेले कागद मुळात स्वतंत्र नव्हतेच. हे कुठल्याही भाषणातून बाहेर आलं नसतं, त्यासाठी मूळ फाईल मागवून वाचणारी समितीच लागते.

त्याच सुमारास इंदूरमध्ये रुग्णांवरच्या औषधचाचण्यांचा विषय तापलेला होता आणि इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालय आणि समिती, दोन्हीकडून रेटा आला. प्रा. रणजित रॉय चौधरी यांची तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि पुढे 2019 मध्ये नवी औषधं आणि चाचण्यांचे नवे नियम आले.

समितीचा अहवाल न्यायालयात चालतो का?

चालतो. बडोदा जिल्हा आणि तेव्हाच्या आंध्रातलं खम्मम इथे मुलींवर एचपीव्ही लशीचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस) जो प्रकल्प राबवला गेला, त्यावर आरोग्य समितीने 2013 मध्ये कडक अहवाल दिला होता. त्याच प्रकल्पावरून निघालेल्या कल्पना मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे 2018 मध्ये सांगितलं, की संसदीय समितीचा अहवाल न्यायालय विचारात घेऊ शकतं. अहवालाच्या वैधतेला मात्र न्यायालयात आव्हान देता येत नाही.

आपण सामान्य माणसांनी समितीला लिहायचं कसं?

समिती एखादं विधेयक किंवा विषय हाती घेते तेव्हा बरेचदा वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन आणि संसदेच्या संकेतस्थळावर सूचना लावून निवेदनं मागवते. मुदत अनेकदा जेमतेम 15 दिवसांची असते, म्हणून जाहिरात दिसल्या दिवशीच बसा. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत द्यायचं असतं. आपल्यापैकी अनेकांना विचार मराठीत सुचतो. आधी मराठीतच लिहून काढा आणि मग घरातल्या, कचेरीतलं हिंदी सरावाचं असलेल्या माणसाकडून उतरवून घ्या. प्रत्यक्ष साक्ष द्यायची इच्छा असेल तर तेही त्याच पत्रात लिहा, बोलवायचं की नाही ते समिती ठरवते.

आता काय लिहायचं. रात्री सराफ्यात खाण्याची हातगाडी लावणाऱ्या एखाद्याला फेरीवाल्यांविषयीच्या दुरुस्ती विधेयकावर लिहायचंय असं धरा. आमच्याकडे पहिला मसुदा नेहमी असा येतो: आम्ही गरीब आहोत, आमच्यावर अन्याय होतो, सरकारने लक्ष द्यावं. शब्दन् शब्द खरा, पण समितीच्या सचिवालयातला अधिकारी याचं करणार काय? त्याला मसुद्यात घालता येईल असं काही त्यात नाही. तोच माणूस असं लिहू शकतो: 'विधेयकातल्या अमुक खंडात गाडी हलवण्याआधी नोटीस द्यावी असं आहे, पण नोटीस कोणत्या वेळी द्यावी हे नाही. आमचा धंदा रात्री चालतो. दिवसा त्या जागी आम्ही नसतो, तिथे सोन्याचांदीची दुकानं उघडी असतात. दिवसा चिकटवलेली नोटीस आमच्या हाती पडतच नाही. म्हणून या खंडात, नोटीस विक्रेत्याच्या धंद्याच्या वेळेत हाती द्यावी, असे शब्द घालावेत.'

एवढंच. खंडाचा क्रमांक, अडचण, स्वतः पाहिलेला पुरावा आणि सुचवलेले शब्द. दिल्लीतल्या कुठल्याही तज्ज्ञाला सराफ्यातला रात्रीचा धंदा ठाऊक असेलच असं नाही, तो ठाऊक असलेला माणूस तुम्ही आहात. मोठ्या संघटना पन्नास पानं पाठवतात, पाठवू देत. तुमचं एक पान नेमकं असेल तर ते वाचलं जातं.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. समितीला दिलेलं निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं. ते पाठवल्यावर व्हॉट्सॲपवर फिरवू नका, फेसबुकवर टाकू नका. एकच मजकूर शंभर जणांनी सही करून शंभरदा पाठवण्यातही अर्थ नाही. शंभर जणांचे शंभर अनुभव असतील तर गोष्ट वेगळी.

याचिका समितीकडे जायचं म्हणजे काय?

वर सांगितलं ते समितीने मागितल्यावर लिहायचं निवेदन. याचिका आपण होऊन करता येते. संसदेपुढचं विधेयक किंवा केंद्राच्या अखत्यारीतला, सर्वसाधारण जनहिताचा विषय हवा. न्यायालयात चालू असलेलं प्रकरण चालत नाही, राज्याचा विषय चालत नाही. भाषा सभ्य हवी, नाव, पत्ता, सही हवी आणि शेवटी नेमकी मागणी हवी. हिंदी-इंग्रजीखेरीज दुसऱ्या भारतीय भाषेत याचिका लिहिली तर हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद सही करून जोडावा लागतो. सहसा ती एखाद्या खासदाराच्या प्रतिस्वाक्षरीने सादर होते.

महूच्या माजी सैनिकांना याचं मोल सांगावं लागत नाही. समान पद, समान निवृत्तिवेतन या मागणीची याचिका राज्यसभेच्या याचिका समितीकडे गेली होती. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीने डिसेंबर 2011 मध्ये मागणी रास्त असल्याचा अहवाल दिला आणि या मागणीचा अर्थ काय हेही त्यात नीट बांधून दिलं. पुढची सगळी भांडणं त्या व्याख्येला धरून झाली. सरकारचा अंमलबजावणीचा आदेश निघाला नोव्हेंबर 2015 मध्ये. मधली चार वर्षं लोकांनी चिकाटी सोडली नाही.

नळाला पाणी नाही, कॉलनीचा रस्ता उखडलाय. कुठल्या समितीकडे जाऊ?

संसदेच्या कुठल्याच नाही. नगर निगम, पार्षद, सीएम हेल्पलाइन 181, आणि मंगळवारची कलेक्टर कार्यालयातली जनसुनवाई हे तुमचे रस्ते. राज्याच्या धोरणाचा प्रश्न असेल तर भोपाळला विधानसभेच्याही स्वतःच्या समित्या आहेत, याचिका समितीसुद्धा आहे, तिथे आमदारामार्फत जा. मेट्रोसारख्या कामात मात्र केंद्राचा पैसा असतो आणि शहरी कारभाराची संसदीय समिती त्याविषयी विचारू शकते.

लोकलेखा समितीचं नाव सारखं ऐकू येतं. ती काय करते?

झालेल्या खर्चाचा जाब विचारते. सगळ्या समित्यांत ती जुनी, 1921 पासूनची. 22 सदस्य, 15 लोकसभेचे आणि 7 राज्यसभेचे. कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालांतले निवडक परिच्छेद घेऊन ती खात्यांना बोलावते. 1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे आणि ती पाळली गेली आहे.

आणि जेपीसी?

एखाद्या विधेयकासाठी किंवा प्रकरणासाठी तात्पुरती नेमलेली दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती. अहवाल दिला की विसर्जन. बोफोर्स आणि शेअर घोटाळ्यांमुळे हे नाव घरोघरी पोचलं, पण 2003 मध्ये शीतपेयांतल्या कीटकनाशकांवरही जेपीसी बसली होती. शरद पवार तिचे अध्यक्ष होते. फेब्रुवारी 2004 मध्ये दिलेल्या अहवालात तिने पेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याच्या निष्कर्षांना दुजोरा दिला.

समित्यांचे दौरे म्हणजे नुसतं फिरणंच ना?

काही दौऱ्यांवर ही टीका होते आणि प्रत्येक वेळी ती खोटी असते असं मी म्हणणार नाही. पण दिल्लीत बसून खाण, बंदर, रुग्णालय कळत नाही. स्थायी समित्या दौऱ्यात बँका, सार्वजनिक उपक्रम आणि राज्याच्या अधिकाऱ्यांशी बोलतात. राजभाषेची संसदीय समिती केंद्रीय कार्यालयांची तपासणी करते. ती येणार म्हटलं की इथल्या बँकांच्या आणि केंद्रीय संस्थांच्या कचेऱ्यांत पाट्या, शिक्के, नोंदवह्या सगळं काढून तपासलं जातं. दौरा खरा की देखल्या देवा दंडवत, हे त्यानंतरच्या अहवालात त्या गावाचं काय लिहिलंय यावरून ओळखायचं.

अहवाल कुठे मिळतात?

संसद डॉट इन या संकेतस्थळावर, हिंदीत आणि इंग्रजीत, फुकट. जाडजूड पीडीएफ बघून घाबरू नका. ठळक अक्षरांतले परिच्छेद हे समितीचे निष्कर्ष आणि शिफारशी असतात, आधी तेवढेच वाचा. बाकीचा मजकूर त्यांच्यापर्यंत समिती कशी पोचली ते सांगतो.

आपला खासदार समितीत काय करतो, हे कळायला काही मार्ग आहे का?

आहे, आणि तो फारच थोडे लोक वापरतात. प्रत्येक अहवालाच्या शेवटी बैठकींची इतिवृत्तं जोडलेली असतात. तारीख, वेळ, साक्षीला आलेले अधिकारी आणि हजर सदस्यांची नावं. आपल्या खासदाराची समिती कोणती ते संकेतस्थळावर शोधा, तिचे वर्षभराचे अहवाल उघडा आणि शेवटची पानं बघा. परवानगीशिवाय लागोपाठ दोन किंवा अधिक बैठकींना गैरहजर राहिलेल्या सदस्याला काढून टाकण्याचा प्रस्ताव आणता येतो असा नियम आहे, पण तो वापरण्यापेक्षा मतदारांनी विचारणं जास्त परिणामकारक असतं. कोणी काय प्रश्न विचारला ते इतिवृत्तात सहसा नसतं, भिन्नमत दिलं असेल तर ते मात्र नावानिशी छापलेलं असतं.

ही पानं छापून घ्या आणि गणपतीत किंवा एखाद्या कार्यक्रमात खासदार भेटले की समोर ठेवा. 'साहेब, तुम्ही या समितीवर आहात. मार्चच्या बैठकींना तुमचं नाव दिसलं, बरं वाटलं. जुलैच्या दोन बैठकींना नाही, तेव्हा विषय आमच्या कामाचा होता. पुढची बैठक कधी आहे आणि त्यासाठी आम्ही तुम्हाला काही माहिती काढून देऊ का?' असं विचारा. शेवटचं वाक्य वगळू नका. समितीत बोलायला खासदारालाही तयारी लागते, आणि आपल्या भागातली पक्की माहिती हाती आयती आली तर बहुतेक जण ती घेतात.